वाळूच्या पट्टीवरची कुळं

घानाचा नकाशा उघडा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात जा, व्होल्टा नदी जिथे समुद्राला मिळते तिथून टोगोच्या हद्दीकडे. जमीन म्हणावी असं तिथे फारसं काही दिसतच नाही. खाली अटलांटिक, वर केटाचं खाजण सरोवर आणि मध्ये वाळूची लांबलचक चिंचोळी पट्टी, तिच्यावर गावं एका ओळीत मांडल्यासारखी. खाजण उथळ आहे, पाऊस कमी पडला की आटतं, आटलं की मीठ धरतं, आणि हे मीठ गोळा करून आत दूरवर विकणं हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. समुद्रावर मोठमोठ्या ओढजाळ्यांनी मासेमारी चालते, म्हणजे अख्खी टोळी किनाऱ्यावर उभी राहून दोराला लागलेली, आणि त्या जाळ्यात येणाऱ्या बारक्या चंदेरी माशांना घानात गंमतीने 'केटाची शाळकरी पोरं' म्हणतात. अन्लोगा गावात वाळूचेच वाफे करून, त्यात खत-पाणी ओतून छोटे कांदे पिकवतात. समुद्र मात्र तिथला वैरी, केटा शहराचा मोठा भाग त्याने खाऊन टाकलाय, १७८४ साली डॅनिश लोकांनी बांधलेला प्रिन्झेनस्टाइन किल्ला १९८० मध्ये अर्धाअधिक ढासळला.

हा अन्लो लोकांचा मुलूख. अन्लो म्हणजे एवे भाषा बोलणाऱ्यांपैकी एक मोठा गट, एवे लोक आज घाना, टोगो आणि थोडेफार बेनिनमध्ये पसरलेले आहेत.

मी तिथे कधी गेलेली नाही आणि जाईन असंही वाटत नाही. मला या पट्टीचं वेड लागलं ते सँड्रा ग्रीन या अमेरिकन इतिहासकार बाईंमुळे. कॉर्नेल विद्यापीठात त्या आफ्रिकेचा इतिहास शिकवत आल्या, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटापासून अन्लोगा, केटा, आसपासच्या खेड्यांत बसून म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेत आल्या. १९९६ साली त्यांचं अन्लो लोकांवरचं पुस्तक आलं, स्त्रीपुरुष संबंध, आपले-परके आणि देवधर्म या तीन गोष्टी एकमेकींत कशा गुंतत गेल्या त्याचा साधारण अडीचशे-तीनशे वर्षांचा इतिहास. सुरुवातीलाच सांगते, पुस्तक सोपं नाहीये. पहिली पन्नासेक पानं कुळांची नावं, गावांची नावं, कोण कुठून आलं, अशी इतकी गच्च आहेत की दोनदा बाजूला ठेवावंसं वाटतं, आणि फुटनोटांचं तर वेगळंच राज्य. पण एकदा का हिशेब लक्षात आला की मग ते एखाद्या भाऊबंदकीच्या खटल्यासारखं वाचलं जातं, कारण ते आहेच तसं, जमीन, लग्नं, देव आणि कोण आपलं यावरची भांडणं.

आधी अन्लो लोक स्वतःबद्दल काय सांगतात ते ऐका. आमचे पूर्वज पूर्वेला नोत्सिए नावाच्या तटबंदीच्या शहरात राहायचे (हे गाव खरोखर आहे, आजच्या टोगोमध्ये, तटाचे अवशेषही आहेत). तिथला राजा अगोकोली भयंकर क्रूर. त्याच्या जाचाला कंटाळून लोकांनी पळून जायचं ठरवलं. तट जाड मातीचा, तेव्हा बायकांना सांगितलं की भांडी घासल्याचं, कपडे धुतल्याचं पाणी रोज एकाच जागी भिंतीवर टाकत जा. भिंत हळूहळू भिजून मऊ पडली, मग एका रात्री ढोल वाजवून गोंगाट केला, भिंत फोडली आणि सगळे बाहेर पडले, तेही उलटे चालत, म्हणजे पावलांचे ठसे बघणाऱ्याला वाटावं की माणसं आत आलीयेत. त्यांचा म्होरक्या वेन्या, आणि त्याच्याबरोबर त्याचा भाचा स्री. या निघून येण्याचा उत्सव अन्लोगाला दर नोव्हेंबरात होतो, होग्बेत्सोत्सो, आणि त्यात उलटं चालण्याचा नाचही असतो. गंमत म्हणजे हा उत्सव या स्वरूपात सुरू झाला १९६२ साली, म्हणजे आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या नंतर!

गोष्ट मस्तच आहे. पण मला त्यात खटकतं ते असं की सुटकेचं खरं काम कुणी केलं, तर रोज गुपचूप खरकटं पाणी ओतणाऱ्या बायकांनी, आणि भिंत पडल्या पडल्या त्या गोष्टीतून गायब. पुढे कुळांचे मूळपुरुष येतात, पुरुषच. वेन्याचं नाव राहिलं, स्रीचं राहिलं, पाणी ओतणाऱ्या एकीचंही नाव नाही.

कुळाला तिथे ह्लो म्हणतात आणि अन्लो लोकांची पंधरा कुळं सांगतात. कूळ बापाकडून. प्रत्येकाचे आपले देव, आपले विधिनिषेध, मुलांना ठेवायची आपली नावं, मेल्यावरचे आपले संस्कार. राजाचं पद, ज्याला अवोआमेफिया म्हणतात, ते अद्झोविया आणि बाते या दोनच कुळांत आलटून पालटून जातं. आता कुणालाही विचारलं तर तो सांगणार, ही कुळं नोत्सिएहून आली, अनादी काळापासून अशीच आहेत. ग्रीनबाईंचा पहिला दणका इथे आहे. त्या म्हणतात, ही कुळं या रूपात घडली ती याच वाळूवर, आणि घडायला एक कारण होतं.

कारण असं. १६७७ ते १६८१ या काळात अक्वामू राज्याने पश्चिमेकडचं अक्रा आणि आसपासचा मुलूख जिंकला. तिथून पळालेली माणसं व्होल्टा ओलांडून या पट्टीवर येऊन धडकली. मघाशी सांगितलं तशी इथे जमीन मुळातच बेताची, एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाजण, आत सरकायला जागा नाही. त्यात हे निर्वासितांचे लोंढे. मग जे आधीपासून राहत होते त्यांना आपली शेतं, आपले मिठाचे काठ, मासेमारीच्या जागा सांभाळायची घाई झाली, आणि ती सांभाळायची कशी तर आपण कोण आणि ते कोण हे पक्कं करून. नोत्सिएहून वेन्याबरोबर आले ते आपले, बाकीचे उपरे. कूळ म्हणजे जमिनीच्या दाराला लावलेलं कुलूप.

आणि कुलूप लावलं की पहिली पंचाईत मुलींची होते. मुलगी लग्न करून दुसऱ्या कुळात जाते, तिला बापाची जमीन मिळाली तर ती तिच्या मुलांकडे जाणार आणि मुलं नवऱ्याच्या कुळातली. म्हणजे जमीन गेली. जमीन मुबलक असताना याचं कुणाला काही वाटत नव्हतं, तुटवडा पडल्यावर वाटायला लागलं. ग्रीनच्या मांडणीप्रमाणे मग दोन गोष्टी झाल्या. मुलींना जमीन द्यायला घरचे का-कू करायला लागले, आणि लग्नं शक्यतो कुळातल्या कुळात किंवा आते-मामे नात्यात लावायचा कल वाढला, म्हणजे जे काही जाईल ते फिरून घरातच राहील. या सगळ्यात मुलीला स्वतःच्या लग्नात जे काही थोडंफार बोलायला मिळायचं ते कमी झालं. तिच्या आईलासुद्धा. कुळातले वडीलधारे ठरवणार.

आते-मामे लग्नं आपल्याला काही नवीन नाहीत, मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे कितीतरी जातींत आहे, आणि शेतीवाडी घरात राहते हे कारण लोक उघड बोलूनही दाखवतात. मला मात्र वाचताना सारखा आठवत होता तो आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. जाडजूड, लाल बांधणीचा, माळ्यावर असतो. मूळपुरुषापासून सगळी झाडं काढलेली, कुणाचं शिक्षण काय, कुणी कुठे नोकरी केली, कुणी गावच्या देवळाला घंटा दिली, सगळं. माझ्या आत्या दोघी, त्यातली एक चाळीस वर्षं शिकवत होती, तिच्या वाट्याला अर्धी ओळ, 'कन्या अमुक, दिली तमुक गावच्या तमुकांकडे'. दिली! आणि घरात आलेल्या सुनांची माहेरची नावं कंसात. तर असा ग्रंथ हातात घेऊन त्यात जे लिहिलंय ते खरं की खोटं एवढंच आपण बघतो. ग्रीन वेगळं बघते. ही वंशावळ कधी रचली गेली, तेव्हा कुणाला काय सिद्ध करायचं होतं, आणि ते सिद्ध होण्यासाठी कुणाला अर्ध्या ओळीत बसवावं लागलं, असे प्रश्न ती अन्लो कुळांना विचारते. तिच्या लेखी कुळाची कथा म्हणजे कोर्टातला युक्तिवाद, आणि युक्तिवाद म्हणूनच तो तपासायचा.

बरं, उपरे गप्प बसले का? तर नाही. पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

द्झेवी नावाचं एक कूळ आहे. हे पश्चिमेकडून, व्होल्टापलीकडच्या अदांगमे मुलखाकडून आलेले, म्हणजे नोत्सिएशी संबंध नसलेले, पक्के उपरे. त्यांच्याकडे जमीन नव्हती, मान नव्हता, पण देव होता, न्यिग्ब्ला. अठराव्या शतकात अन्लो लोकांच्या मागे लढायाच लढाया, शेजाऱ्यांशी, पूर्वेकडच्या राज्यांशी, पुढे १७८४ मध्ये तर डॅनिश लोकांनी फौज जमवून यांच्यावर चाल केली. अशा काळात लोकांना लढाईत यश देणारा देव हवा असतो. न्यिग्ब्ला पावला असं लोकांना वाटलं, आणि बघता बघता हा परक्यांचा देव अख्ख्या अन्लोचा युद्धदेव होऊन बसला. देव मोठा झाला की पुजारी मोठा होतो, पुजारी मोठा झाला की त्याचं कूळ. काल दाराबाहेर उभे असलेले द्झेवी आता राजाच्या जोडीला बसायला लागले. न्यिग्ब्लाचा दरारा पुढे इतका वाढला की अन्लोगात युरोपियन कपडे घालून यायला बंदी होती, ती उठली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शाळा शिकलेला स्री दुसरा गादीवर आला तेव्हा.

दुसरं एक कूळ ब्लू. हे म्हणजे अकान भाषा बोलणाऱ्या लोकांच्या मुलखातून आलेल्यांपासून सुरू झालेलं, आणि नंतर जो कोणी बाहेरचा येईल, व्यापारी असो की आणखी कोण, त्याला सामावून घ्यायची सोय. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटली. पंधरा कुळांच्या यादीत परक्यांसाठीच एक कूळ! म्हणजे तुम्ही बाहेरचे आहात हे विसरायचं नाही, पण तुम्हाला अन्लो म्हणायलाही हरकत नाही. आता याला उदारपणा म्हणायचं की सोयीचं राजकारण, ते ज्याचं त्याने ठरवावं, मला वाटतं दोन्ही होतं.

आणि आता बायका. ग्रीनचा मुख्य मुद्दा, जो तिच्या आधी कुणी नीट जोडून दाखवला नव्हता, तो असा की परके आणि बायका या दोघांची अडचण एकाच मुळातून आलेली होती, जमिनीभोवती घातलेल्या कुंपणातून, आणि दोघांना बाहेर पडायची वाटही एकाच ठिकाणी सापडली, देवाच्या दारात. न्यिग्ब्लाच्या पंथात वेगवेगळ्या कुळांतल्या मुली दीक्षा घ्यायच्या, आणि एकदा मुलगी देवाची झाली की तिच्यावर कुळातल्या म्हाताऱ्यांचा शब्द पूर्वीसारखा चालायचा नाही. उपऱ्या पुजाऱ्याला भक्त हवे होते, मुलीला वडीलधाऱ्यांच्या वरचा कुणीतरी पाठीराखा हवा होता. दोघांचं जमलं.

याहून धडाकेबाज प्रकरण येवे पंथाचं. (एवे ही भाषा आणि लोक, येवे हा पंथ, गल्लत नको, मीही सुरुवातीला पेन्सिलीने खुणा करत वाचत होते.) हा पंथ पूर्वेकडून आला आणि एकोणिसाव्या शतकात अन्लोत फोफावला. विजेचा देव हेबिएसो, समुद्राची आव्लेकेती, असे त्यातले देव. दीक्षा घेणारे बहुतेक बायका. पंथात गेलं की महिनोन्‌महिने देवाच्या ठाण्याच्या आवारात राहायचं, तिथली वेगळी भाषा शिकायची, बाहेर पडताना नवीन नाव घेऊन पडायचं, आणि यानंतर कुणी जुन्या नावाने हाक मारली तर तो गुन्हा. नवऱ्याने, सासरच्यांनी, बापाने, कुणीही येवेच्या बाईला मारलं, शिवी दिली, अपमान केला, तर ती काय करायची? ती 'अलागा' व्हायची. म्हणजे घरदार सोडून थेट रानात. तिथे ती माणसात नसल्यासारखी वागणार, केस पिंजारलेले, अंगाला माती, हातात सोटा, दिसेल त्याच्या अंगावर धावणार, आणि आता हे निस्तरायची जबाबदारी कुणाची तर ज्याने अपमान केला त्याची. पंथाचे लोक दारात येणार, दंड मागणार, पैसे, दारू, बकरी, विधी, आणि सगळं पार पडेपर्यंत अलागा रानातच. दंड असा की घर खंक व्हावं. गावातल्या नवऱ्यांनी हात उगारायच्या आधी दोनदा विचार केला असणार, यात मला शंका नाही.

वाचताना मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण पुढचं पान लगेच पाणी ओततं. कारण येवेचे पुढारी कोण होते? बहुतेक पैसेवाले पुरुष, किनाऱ्यावरच्या व्यापारात गब्बर झालेले, आणि त्या काळात किनाऱ्यावरचा व्यापार म्हणजे बराचसा गुलामांचा व्यापार. डॅनिश बंदी १८०३ पासून, ब्रिटिशांची १८०७ पासून, पण या पट्टीवरून चोरून माणसं विकणं १८६० च्या दशकापर्यंत चालू होतं. दंडाची रक्कम पंथाकडे जायची, अपमान झालेल्या बाईच्या हाती नव्हे. दीक्षेचा खर्च घरच्यांच्या डोक्यावर, मनात आलं म्हणून पंथ सोडता येत नसे. म्हणजे कुळाच्या म्हाताऱ्यांच्या हातातून सुटून ठाण्याच्या मालकांच्या हातात. ग्रीन हे लपवत नाही आणि त्याचं रडगाणंही गात नाही. बाईला एका सत्तेविरुद्ध दुसरी सत्ता वापरता आली, एवढं ती म्हणते. कधीकधी तेवढंही पुष्कळ असतं, कधी नसतं.

इथे आपल्याकडच्या वाचकाच्या डोक्यात देवदासी, मुरळी हे शब्द येणारच, माझ्याही आले. देवाला मुली वाहण्याची एक वेगळी चाल एवे मुलखात आहे, त्रोकोसी म्हणतात, घरच्या कुणाच्या तरी गुन्ह्याची भरपाई म्हणून कुमारिकेला ठाण्यात ठेवायची. तिच्यावर घानात खूप वाद झाला आणि १९९८ साली कायद्याने ती गुन्हा ठरवली. आपल्याकडे महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलन कायदा २००५ चा. पण सगळं एका पोत्यात भरू नये असं मला ग्रीन वाचल्यावर प्रकर्षाने वाटतं. कुठल्या ठाण्यात, कुठल्या शतकात, कुणाच्या मर्जीने, आणि बाहेर पडायची वाट होती का, हे विचारल्याशिवाय 'देवाला वाहिलेली बाई' या वाक्याला काहीच अर्थ नाही.

एक तक्रार आहे. बायकांना असं वाटलं, बायकांनी असं निवडलं, असं जेव्हा अठराव्या शतकाबद्दल लिहिलं जातं, तेव्हा पुरावा कुठला? डॅनिश किल्ल्यातल्या अधिकाऱ्यांची पत्रं, पुढे मिशनऱ्यांची टिपणं, आणि १९७०-८० च्या दशकात दिलेल्या मुलाखती, त्यात बोलणारे बहुतेक पुरुष, कुळांचे वडीलधारे. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी बायकांना अर्ध्या ओळीत बसवलं त्यांच्याच तोंडून बायकांचा इतिहास काढायचा. ग्रीन लग्नाच्या चालीरीती, वारसा, पंथांचे नियम यांच्यावरून मागे मागे जात अंदाज बांधते, आणि बांधणी चोख आहे, पण काही ठिकाणी मला ती पुराव्यापेक्षा जास्त खात्रीने बोलतेय असं वाटलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलीने दीक्षा घेतली ती लग्न टाळायला, की ताप उतरत नव्हता म्हणून आईने नवस केला होता, की मैत्रीण गेली म्हणून हीसुद्धा? हे कुठल्या कागदातून कळणार?

२००२ चं तिचं पुढचं पुस्तक मला वाचायला जास्त आवडलं. ते जागांबद्दल आहे, नोत्सिए, खाजणं आणि पाणवठे, घर, थडगी, माणसाचं शरीर, आणि मिशनरी व इंग्रज आल्यावर या जागांचे अर्थ कसे पालटले त्याबद्दल. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेनचे मिशनरी एवे मुलखात १८४७ ला आले आणि १८५३ पासून केटाला ठाण मांडून बसले. त्यांना बायबल छापायचं होतं, शाळा चालवायच्या होत्या, तर त्यासाठी एक प्रमाण भाषा हवी, ती त्यांनी अन्लो बोलीवरून घडवली. आणि एक लोकसमूह हवा. त्याला नोत्सिएची गोष्ट आयती मिळाली. जुलमी राजा, गुलामी, रात्रीतून पलायन, नवा मुलूख, हे बायबलमधल्या मोझेसच्या गोष्टीशी किती जुळतं बघा! मिशनच्या शाळांतून, पुस्तकांतून ही गोष्ट तशी सांगितली जाऊ लागली. आधी नोत्सिए म्हणजे दैवी शक्तीची, आदराने नाव घ्यायची जागा, आता ती झाली सगळ्या एवेंची एकच जन्मभूमी, आपण सगळे एक याचा दाखला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर जर्मन टोगोचे तुकडे इंग्रज आणि फ्रेंचांनी वाटून घेतले, एवे लोक हद्दीच्या दोन्ही बाजूंना विभागले गेले, आणि १९४० च्या दशकात एकीकरणाची मागणी घेऊन त्यांचे पुढारी संयुक्त राष्ट्रांकडे गेले तेव्हा हीच गोष्ट कामाला आली. मागणी काही मान्य झाली नाही. ब्रिटिश टोगोलँड १९५६ च्या सार्वमतानंतर घानाला जोडला गेला, हद्द आजही तिथेच आहे.

थडग्यांचा भागही असाच. पूर्वी अन्लो घरांत माणूस गेला की राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायची पद्धत होती, म्हणजे आजोबा पायाखालीच, लक्ष ठेवून. इंग्रजांनी आरोग्याचं कारण देऊन ते बंद केलं आणि गावाबाहेर दफनभूम्या आल्या. आपले मेलेले आपल्या घरात नाहीत म्हटल्यावर त्यांच्याशी बोलायचं कुठे, कुळाचे विधी करायचे कुठे, हे सगळे प्रश्न.

आणि मग गुलामगिरी. २०११ च्या पुस्तकात ग्रीनने घानातल्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या, लिहून घेतलेल्या गोष्टी भाषांतर करून, टिपा लावून दिल्यात. आरोन कुकू नावाचा एक जण, १८६९ ते ७१ दरम्यान असांते राज्याची फौज एवे मुलखात घुसली तेव्हा पकडला गेलेला, असांतेत गुलाम म्हणून राहिला, निसटला, आणि म्हातारपणी ख्रिस्ती प्रचारक म्हणून आपली हकीगत सांगून गेला. लिडिया यावो ही बाई, तिची गोष्ट मिशनऱ्याच्या लेखणीतून आलेली, तेव्हा कुठलं वाक्य तिचं आणि कुठलं धर्मोपदेशकाचं हे वाचताना सतत चाचपावं लागतं. आणि आतोर्कोर गावची आठवण, १८५६ ची, जी कुणी लिहिली नव्हती, तोंडोतोंडीच आली. किनाऱ्यावर जहाज लागलं, ढोल वाजवणाऱ्यांना वर बोलावलं, वाजवा म्हणाले, बघायला माणसं जमली, आणि जहाजाने नांगर उचलला. बस. ती माणसं परत आली नाहीत. या गोष्टीत राजे, मुखिये यांचीच माणसं गेली म्हणून ती आठवणीत राहिली, हे ग्रीनचं निरीक्षण मला फार बोचलं. हजारो जे गेले त्यांना विकणारे घरचेच होते आणि ते आठवून कुणाचाच फायदा नव्हता.

२०१७ च्या पुस्तकात तर ती सरळ मालकांकडेच वळते. गोल्ड कोस्टवर (घानाचं इंग्रजी अमलातलं नाव) इंग्रजांनी १८७४ मध्ये गुलामगिरी बेकायदा केली, तेव्हा ज्यांच्याकडे गुलाम होते त्यांनी काय ठरवलं? तीन पुरुष निवडलेत, केटाचा एक, ख्रिस्ती झालेला एक, आणि अन्लोचा लढवय्या पुढारी न्याहो तामाक्लोए, ज्याने आपल्या गुलामांना कुटुंबात सामावून घेतलं. चांगलं केलं असं आपण म्हणू. पण कुटुंबात घेतलं म्हणजे कुठे तरी पुन्हा वंशावळ आली, आणि वंशावळ आली की गप्प बसणं आलं. कुणाची पणजी विकत घेतलेली होती हे घरात माहीत असतं, चारचौघांत बोलायचं नसतं, पण पद द्यायची वेळ आली, जमिनीची वाटणी निघाली, की कुणीतरी हळूच काढतंच. बायकांच्या बाबतीत यात आणखी एक पेच. विकत घेतलेल्या बाईशी लग्न करणं पुरुषाला सोयीचं होतं, कारण तिला भाऊ नाहीत, बाप नाही, भांडण झालं तर जाब विचारायला येणारं माहेरच नाही, आणि मुलं पूर्णपणे बापाच्या कुळाची. म्हणजे सतराव्या शतकात कुलूप लावून जे साधायचं होतं ते एकोणिसाव्यात पैसे मोजून साधलं.

पैसे म्हणजे त्या किनाऱ्यावर बराच काळ कवड्या होत्या, हिंदी महासागरातल्या मालदीवच्या कवड्या, आपल्या समुद्रांतून जहाजांनी युरोपात आणि तिथून पोती भरभरून पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात असते ना, तीच जात.

कुणाला वाचायचं असेल तर माझा सल्ला, १९९६ च्या पुस्तकापासून सुरू करू नका, पंधरा कुळांच्या चक्रव्यूहात पहिल्याच दिवशी अडकाल. आधी २०११ चं घ्या, माणसांच्या तोंडच्या हकिगती आहेत, मग जागांचं, आणि मग कुळांचं, तोवर नावं ओळखीची झालेली असतात. किमती अवाच्या सवा आहेत, मला एका ओळखीच्या प्राध्यापकबाईंनी त्यांच्या विद्यापीठाच्या लायब्ररीतून मिळवून दिली. दरम्यान मी माळ्यावरचा तो लाल ग्रंथ खाली काढलाय आणि आत्याला फोन करून विचारलंय की तुझ्याबद्दल त्यात काय लिहायला हवं होतं, तर ती म्हणाली, आधी 'दिली' काढ, मी स्वतः गेले होते, रजिस्टर लग्न करून, घरच्यांनी दोन वर्षं दार उघडलं नव्हतं.